चाळणीत उरलेला मका

मित्रांनो, देवगाव रंगारीच्या शिवारात, गावापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या निंबाखाली पत्र्याचे लांबट शेड उभे आहे. त्याच्या तिसऱ्या खांबाला एक खिळा आहे. त्या खिळ्यावर जी गंजलेली, कडेला पोचा आलेली वस्तू तुम्हांला दिसेल, ती मी, एक जुनी चाळण. दुपारी छपराच्या भोकातून उन्हाचा कवडसा आत येतो, माझ्यावर पडतो आणि माझ्या छिद्रांमधून बारीक होऊन खालच्या धुळीवर सांडतो. आता माझ्याकडून एवढेच चाळले जाते.

या शेडमध्ये एके काळी तीनशे कोंबड्या होत्या. त्या कशा वाढल्या आणि कशा गेल्या, हे पाहिलेली मी एकटीच येथे उरले आहे. म्हणून सांगते. ऐकून तुम्हांला आनंद होणार नाही. परंतु शेवटपर्यंत ऐकावे, एवढी विनंती आहे.

माझा जन्म औरंगाबादेत, औरंगपुऱ्याच्या एका गल्लीत झाला. त्या शहराला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात. निजामाचे राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन सहा-सात वर्षे लोटली होती. कितीतरी घरांतील माणसे दूर निघून गेली होती आणि त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू हळूहळू बाजारात येत होत्या. अशाच एका लोखंडी पेटीचा पत्रा गयास नावाच्या कारागिराने आणला. त्या पेटीत पूर्वी कोणाची वस्त्रे होती, कोणाची पत्रे होती, मला ठाऊक नाही. गयासने पत्रा ठोकून सपाट केला, त्याचे वर्तुळ कापले आणि मग पोलादी टोचा व हातोडी घेऊन एकेक छिद्र पाडण्यास आरंभ केला. तो घाई करीत नसे. एक छिद्र पडले की पत्रा उजेडाकडे धरून पाही, मग दुसऱ्याला हात घाली. ज्वारीचा दाणा वर राहावा आणि माती खाली पडावी, एवढ्या बेताची ती छिद्रे होती. मला पूर्ण होण्यास तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी देवगावचे आप्पासाहेब दुकानापुढे येऊन उभे राहिले. डोक्याला फेटा, अंगात सदरा, आणि बोलण्यात नेहमीच थोडी थट्टा.

"काय गयासभाई, भोकं सारखी पाडली, का मधीच डोळा लागला हुता?"

"आँख लगती तो अंगूठा जाता आप्पासाब. देखो, दसों उंगलियाँ सलामत हैं."

"मंग अशीच एक मोठी कर. आमचं सगळं गाव चाळून काढतो. लई कचरा झालाय."

"नक्को करो," गयास गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "सारा गाँव नीचे गिर जायेगा. उप्पर आप रहेंगे और कंकर रहेंगे. फिर बातां किससे करते?"

आतल्या गोणपाटाच्या पडद्यामागून गयासची पत्नी आबेदा हसली आणि म्हणाली, "बातां बस करो, चाय ठंडी होरी."

आप्पासाहेबांनी मला उचलून घेतले. तेव्हा गयासने माझ्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि तो हळू आवाजात बोलला, "एक बात याद रखना आप्पासाब. ये छोटा-मोटा पहचानती. अच्छा-बुरा नहीं पहचानती, वो आपकू देखना पड़ता. और गीला दाना इसमें नक्को डालो."

आप्पासाहेब "व्हय व्हय" म्हणाले आणि बैलगाडीकडे वळले. त्यांनी ते ऐकले होते की नाही, मला सांगता येणार नाही. मी मात्र विसरले नाही. विसरता आले असते, तर बरे झाले असते.

देवगावच्या घरी मी आप्पासाहेबांच्या पत्नीच्या, सारजाबाईंच्या हाती गेले. माझ्या आयुष्यात मला अनेक हात लागले. परंतु तशी धान्याची भक्ती मी दुसऱ्या हातांत पाहिली नाही. चाळताना माझ्या कडेवरून एखादा दाणा उडाला, तर त्या चाळणे थांबवीत, दाणा शोधीत, उचलून कपाळाला लावीत आणि मगच पुढचे सूप ओतीत. कधी अंधार पडेपर्यंत काम चाले.

"एका दाण्यासाठी काय बसलीस गं?" आप्पासाहेब ओसरीवरून विचारीत.

"एका दाण्याचं कणीस हुतं. शेतकरी तुमी का मी?"

यावर आप्पासाहेब फेट्याचे टोक तोंडाला लावून हसत. ती वर्षे चांगली होती. सुगीच्या दिवसांत माझ्यावर ज्वारी पडे, बाजरी पडे, तूर पडे, आणि घराच्या अंगणातील पेवात वर्षाचे धान्य उतरे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी पेव पाहिले नसेल. जमिनीत खोल खोदलेले, आतून लिंपलेले, वरून तोंड बंद केलेले ते धान्याचे घर असे. सारजाबाईंच्या लेखी जमिनीच्या पोटात धान्य असणे म्हणजे घराला आधार असणे होते. हे लक्षात ठेवा. पुढे याचे काम पडेल.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचे वर्णन मी करणार नाही. एवढेच सांगते, की एका सकाळी घरात शिजवण्यासारखे काहीही उरले नव्हते, आणि दुष्काळी कामाची हजेरी सुरू होण्यास अजून काही दिवस होते. सारजाबाईंनी रिकाम्या पेवाचे तोंड उघडले, आतली कोंडलेली हवा जाऊ दिली आणि त्या दोर धरून खाली उतरल्या. तळाची आणि भिंतीकडेची माती त्यांनी खरवडून टोपलीत भरली. वर येऊन ती माझ्यात ओतली. माती खाली पडली. वर जे उरले, ती ज्वारी होती. पण काळी पडलेली, कुबट वास येणारी, एकमेकांना चिकटलेली. सारजाबाईंनी ती सात पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली, दळली. भाकरी कडू झाली. त्यांच्या लहानग्या मुलाने, बद्रीनाथाने तोंड वाकडे केले, तेव्हा आईने त्याला गुळाचा खडा चाटवला. तीन दिवस त्या भाकरीवर घर उभे राहिले. कोणाला काही झाले नाही.

कोणाला काही झाले नाही, हेच सारजाबाईंच्या मनात कायमचे राहिले.

वर्षे गेली. आप्पासाहेब देवाघरी गेले. पेव बुजले. बद्रीनाथ मोठा झाला, त्याचे लग्न झाले, आणि शहराजवळच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली. आठवड्यातून एकदा तो घरी येई. त्याची पत्नी वच्छलाबाई हुशार होती. तिने शहरात राहून पंधरा दिवसांचे कुक्कुटपालनाचे शिक्षण घेतले आणि निंबाखाली हे शेड उभारले. नवऱ्याने परवानगी दिली, ती एका अटीवर.

"एक साल देतो," बद्रीनाथ म्हणाला. "शेड टिकलं तर नोकरी सोडतो, गावात येतो. नाय टिकलं तर तू आन् आई, दोघी चला शहरात. एका खोलीत राहू."

"आत्याबाई एका खोलीत कशा राहतील?" वच्छलाबाईने विचारले. सासूला ती आत्याबाई म्हणे.

"म्हणून तर साल देतो."

सारजाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. आपण काही ऐकलेच नाही, असे त्यांनी दाखवले. परंतु त्या दिवशी दुपारी त्या एकट्याच शेडमध्ये आल्या, रिकाम्या शेडच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू वाहून गेल्या. या मातीतून त्यांना जायचे नव्हते. एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती तीनशे पिलांच्या जिवावर अवलंबून होती.

आता माझ्या आयुष्यातील सर्वांत सन्मानाचा काळ सुरू झाला. मका गिरणीतून भरडून येई. वच्छलाबाई तो माझ्यातून चाळी. कोंबड्या पीठ चोचीने बाजूला सारतात आणि भरड तेवढी टिपतात. म्हणून पीठ निराळे काढून, थोड्या पाण्यात कालवून ती लगेच घाली, शिळे होऊ देत नसे. भरडीत शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, सुक्या मासळीचा चुरा, मीठ आणि शिंपल्यांचा चुरा मिसळला जाई. शिंपले कशाला, असे सारजाबाईंनी एकदा विचारले. अंड्याच्या कवचाला लागतात, असे वच्छलाबाईने सांगितले. सारजाबाईंना ते फार आवडले. कोंबडी समुद्र खाते आणि अंडे घालते, असे त्या शेजारणींना सांगत.

पाण्याची भांडी रोज घासली जात. खालचा तुसाचा थर दर आठ दिवसांनी उलथला जाई, ओला झालेला बाहेर टाकला जाई. दारात चुन्याची फक्की पसरलेली असे. तिच्यावर पाय ठेवल्यावाचून आत कोणी येत नसे. पहिले अंडे सापडले त्या दिवशी सारजाबाईंनी ते पदरात घेऊन देवापुढे नेऊन ठेवले.

सरकारी दवाखान्याचे पशुवैद्य निजामुद्दीन डॉक्टर लस देण्यासाठी येत. मृदू स्वभावाचे, चष्मा लावणारे गृहस्थ होते. त्यांनी एकदा मला हातात घेऊन उजेडाकडे धरले, अगदी गयाससारखे, आणि म्हणाले, "वच्छलाबाई, तुमच्या शेडमधी दोन डॉक्टर आहेत. एक मी. आन् दुसरी ही चाळण. ही रोज येती, मी महिन्याला येतो."

"तुमी चहा तरी पिता. ती तेबी मागत नाय," सारजाबाई म्हणाल्या. सगळे हसले.

मला त्या स्तुतीचा अभिमान वाटला. आज लाज वाटते.

आठ महिने असे गेले. कोंबड्या उत्तम अंडी देत होत्या. बद्रीनाथ सुट्टीला आला, की अंड्यांच्या टोपल्यांकडे पाही आणि जुन्या औताला तेलपाणी करी. तो परत येण्याची तयारी करीत होता, हे घरातील प्रत्येकाला कळत होते.

त्या वर्षी मका खळ्यावर असताना परतीचा पाऊस आला. चार दिवस थांबला नाही. ताडपत्रीखालून पाणी शिरले आणि ढिगाचा निम्मा भाग भिजला. ऊन पडल्यावर वच्छलाबाईने ढीग उलगडला. वरचा मका सुका होता. खालचा गरम झाला होता, त्याच्या गाठी झाल्या होत्या, दाण्यांच्या टोकांना हिरवी-काळी बुरशी चढली होती. तिने मूठभर हातात घेऊन हुंगला आणि ती तिथेच बसून राहिली. कुबट वासाचा दाणा कोंबडीच्या पोटात एकदाही जाऊ द्यायचा नाही, तो खोल पुरायचा, हे तिला शिक्षणात पहिल्याच आठवड्यात सांगितले होते.

तिला ते करायचे होते. परंतु घरात सारजाबाई होत्या. ज्या बाईने आयुष्यात एक दाणा पायाखाली येऊ दिला नाही, तिच्या डोळ्यांदेखत चार पोती मका मातीत घालायचा, आणि वर सासूला त्याचे कारण शिकवत बसायचे, हे सुनेच्या मर्यादेत बसेना. तिच्या माहेरी, तिच्या सासरी, कोणत्याही घरी सुनेने असे केलेले तिने पाहिले नव्हते. शेवटी तिने एक मार्ग काढला. कार्तिकातील पोथी ऐकायला सारजाबाई दुपारी मारुतीच्या देवळात जात. त्या वेळात वच्छलाबाईने शेडमागे, मागच्या जाळीतून मला दिसेल अशा जागी, खड्डा खोदला, बुरशीचा मका त्यात लोटला, माती दाबली आणि खड्ड्याला हात जोडून ती पुटपुटली, "माय, राग धरू नको."

उरलेला सुका मका तिने अंगणात वाळत घातला.

मित्रांनो, दोघींपैकी एकीने जरी दुसरीला एक वाक्य विचारले असते, तरी मी आज या खिळ्यावर नसते.

दोन दिवसांनी वच्छलाबाई अंडी घेऊन कन्नडच्या बाजाराला गेली. सारजाबाई शेडमागे गोवऱ्या आणायला आल्या. वाटेत त्यांना मक्याचा एक दाणा पडलेला दिसला. त्यांनी तो उचलला, कपाळाला लावला. दोन पावलांवर दुसरा होता. तिसरा ओल्या मातीच्या उंचवट्यावर होता. त्यांनी हाताने माती उकरली.

"आगं माय! जित्या धान्याला माती दिली!"

त्या खड्ड्याच्या काठावर बसल्या. मग स्वतःशीच बोलू लागल्या. "पोर हाय. तिनं काय दुष्काळ बघितला नाय. बद्रीला सांगितलं तर तो तिला बोलंल. तिला सांगितलं तर तिला वाईट वाटंल. राहू दे. कुणाला सांगायचंच नाय."

आणि त्या आत येऊन मला खिळ्यावरून काढून घेऊन गेल्या.

मी तेच केले, जे पेवाच्या मातीचे केले होते. माती खाली पडली, मका वर उरला. ओला, कुबट दाणा माझ्यात पडला आणि माझ्या पत्र्याला त्याचा वास चिकटला. हाच वास मी पूर्वी एकदा घेतला होता. गयासचे शब्द मला आठवले. परंतु लोखंडाला आठवण्यापलीकडे काय करता येते? मोठा दाणा मी वर ठेवला. बारीक माती खाली सोडली. मला तेवढेच येत होते, आणि ते मी निर्दोष केले.

सारजाबाईंनी मका हौदावर नेला. सात पाण्यांनी धुतला. चोळून चोळून त्यावरचा काळा-हिरवा थर काढला. जे दाणे काळेच राहिले, ते निवडून टाकले, आणि ते टाकतानाही त्यांचा हात अडखळत होता. अंगणात वाळणाऱ्या चांगल्या मक्याच्या एका कडेला त्यांनी तो पसरला आणि खड्ड्यावर माती पुन्हा सारखी केली; अंगणातले वाळवण सासूच्याच हाती असल्याने वच्छलाबाईने ते मोजून पाहिले नाही. दोन दिवसांच्या उन्हात तो खडखडीत, पिवळाधमक दिसू लागला. चांगला कोणता आणि वाचवलेला कोणता, हे मग कोणालाही सांगता आले नसते. सगळा मका एकाच कोठीत गेला. सारजाबाईंच्या मुखावर त्या दिवशी मोठे समाधान होते. सुनेची चूक सुनेला न दुखवता आपण निस्तरली, असे त्यांना वाटत होते.

तीन आठवड्यांनी अंड्यांची कवचे पातळ येऊ लागली. वच्छलाबाईने शिंपल्यांचा चुरा वाढवला. मग तुरे फिके पडले. तिने भांडी दोन वेळा घासली, तूस सगळे बदलले, भिंतींना चुना दिला. अंडी निम्म्यावर आली. कोंबड्या पंख पाडून कोपऱ्यात बसू लागल्या. त्यांना बळ यावे म्हणून ती पहाटे उठून अधिक बारकाईने मका चाळू लागली आणि जास्त वेळा खाऊ घालू लागली. मित्रांनो, हे मला सर्वांत जड गेले. तिची निष्ठा जितकी वाढत होती, तितके विष वाढत होते, आणि ते दोन्ही माझ्यातूनच जात होते.

पौषात मानमोडी आली, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग. पहिल्या दिवशी एका कोंबडीची मान वळली आणि ती गोल गोल फिरू लागली. दुसऱ्या दिवशी अकरा. निजामुद्दीन डॉक्टर धावत आले. लस वेळच्या वेळी दिलेली होती. रोग यायला नको होता. त्यांनी नुकतीच मेलेली एक कोंबडी निंबाखालच्या दगडावर ठेवून कापली. मी खिळ्यावरून सर्व पाहत होते. दारातून तेवढे दिसते.

"काळीज पिवळं पडलंय," कोंबडीच्या यकृताकडे बोट दाखवून ते हळू म्हणाले. "बोट लावलं की फुटतंय. बाई, मका कशी होती?"

"चांगली हुती डॉक्टरसाब. भिजलेली सगळी म्या पुरली."

"सगळी?"

"माझ्या हातानं. चार पोती."

"मग हे कुठून आलं? हे मक्याच्या बुरशीचंच काम आहे. आधी बुरशीनं काळीज खाल्लं, अंगातली ताकद गेली. मग लस काय करणार? तिला धरायला अंगात काही पाहिजे ना."

सारजाबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्या काढली."



"म्या काढली ती, डॉक्टरसाब. एवढं धान्य मातीत! मला बघवलं नाय. पण सात पाण्यानं धुतली. उनात खडखडीत वाळवली. एक दाणा काळा ठिवला नाय, वच्छला, तुझी आण."

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. "आई, ते धुण्यानं जात नाही. उन्हानं जात नाही. बुरशी निघते, तिचं जहर दाण्यात बसलेलं असतं. दिसत नाही, वास येत नाही."

"पेवातली म्या अशीच धुतली हुती. बद्रीला खाऊ घातली. जगला की."

 डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

वच्छलाबाई सासूजवळ गेली आणि त्यांच्या हातून तांब्या घेतला. "मला सांगायला पायजे हुतं, आत्याबाई."

"मंग सांगितलं का नाय गं?"

"तुमाला कसं शिकवू?" ती म्हणाली. मग तांब्या खाली ठेवून, "तुमी का नाय विचारलं?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

आठ दिवसांत शेड रिकामे झाले. कोंबड्या त्याच खड्ड्यात गेल्या. तो आणखी खोल करावा लागला. वर चुना टाकला. उरलेला मका, कोठीतील सगळा, त्यांच्या सोबत गेला. शेजारचा फकिरा मदतीला आला होता. तो जाताना म्हणाला, "वैनी, पुढल्या साली पुन्ना करा." वच्छलाबाईने मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यालाही कळले नसावे.

बद्रीनाथ सुट्टीला आला. शेडच्या दारात उभा राहिला. चुन्याच्या फक्कीवर आता पाय ठेवण्याचे कारण उरले नव्हते, तरी सवयीने त्याने ठेवला. तो आईवर रागावला नाही, पत्नीवर रागावला नाही. "आवरा," एवढेच म्हणाला.

निघण्याच्या आदल्या दिवशी सारजाबाई शेडमध्ये आल्या. त्यांच्या हातात बियाण्यासाठी राखलेली मक्याची कणसे होती. ती पावसाच्या आधीच काढून आढ्याला टांगलेली होती; त्यांना पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता. त्यांनी ती सोलली, दाणे माझ्यात घातले आणि त्या चाळू लागल्या. खाली काहीच पडले नाही. दाणे स्वच्छ होते. त्यांनी एक दाणा हुंगला, दुसरा हुंगला, उजेडाकडे धरला, पुन्हा माझ्यात टाकला. मग त्या उठून शेडमागे निघाल्या.

वच्छलाबाई धावत आली. "आत्याबाई, ते बियाणं हाय. त्याला काय बी झालं नाय वो."

"तुला दिसतं का आतलं?"

"नाय. पण चांगलं हाय ते."

"तीबी चांगलीच दिसत हुती गं. मला कसं कळावं आता?"

आणि त्यांनी ते सारे बियाणे खड्ड्यावर ओतून वरून माती लोटली. परत येऊन मला या खिळ्याला अडकवताना माझ्या कडेला अडकलेला एक दाणा खाली पडला. त्यांनी तो पाहिला. मी पाहिले की त्यांनी तो पाहिला. जन्मभर खाली वाकणारी ती बाई या वेळी वाकली नाही. दार ओढून निघून गेली.

पुढच्या पावसाळ्यात त्या खड्ड्यावर मका उगवला. उंच झाला, कणसे धरली. काढायला कोणी नव्हते. परतीच्या पावसात ती कणसे भिजली आणि ताटावरच काळी पडली.

फकिरा कधीमधी येथे सावलीला बसतो. तो एकदा सोबतच्या माणसाला सांगत होता, की शहरातल्या खोलीत म्हातारी ताटातली भाकरी हुंगत बसते, सुनेने आधी घास खाऊन दाखवला तरच खाते. त्यानंतर काही वर्षांनी तो तिच्याविषयी बोलेनासा झाला. मीही समजले.

मित्रांनो, धान्य कोरडे ठेवा. जमिनीला टेकू देऊ नका, खाली फळ्या घाला, वारा लागू द्या. कुबट झालेला दाणा कोंबडीला, गाईला, स्वतःला, कोणालाही देऊ नका. तो धुऊन चांगला होत नाही. आणि घरात तुम्हांला एखादी नवी गोष्ट कळली, जी तुमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नाही, तर ती आदराने, पण त्यांना सांगा. आदरापोटी गप्प राहू नका. हे सारे मी सांगितले खरे. त्याने कोणाचे शेड वाचेल, अशी आशा धरावी एवढे कारण मला माझ्या आयुष्यात सापडलेले नाही.

त्या दिवशी पडलेला दाणा अजून माझ्या खाली, फरशीच्या फटीत आहे. ऊन खाली सांडते, तेव्हा तो मला दिसतो. तुमच्यापैकी कोणी कधी या वाटेने आलात, तर तो उचला. तो चांगला होता.